बोंडातली अळी, खोडातला भुंगा

मांडूच्या रूपमती मंडपात उभं राहिलं की गाइड नर्मदेकडे बोट दाखवतो आणि राणीची गोष्ट सुरू करतो. शेतीत लक्ष असणाऱ्याला तिथून वेगळंच काही दिसतं. पाठीमागे माळव्याचं पठार, काळी जमीन, पावसाळ्यात नजर जाईल तिथपर्यंत सोयाबीन. समोर कडा तुटतो, आणि हजार फुटांहून खाली निमाड पसरलेला: धरमपुरी, मनावर, कुक्षी. तिथे कापूस. धार जिल्ह्याचा एक पाय असा पठारावर आणि एक नर्मदेच्या खोऱ्यात आहे. देवास जिल्ह्याचंही तेच. देवास, सोनकच्छ, टोंकखुर्द वर. घाट उतरला की कन्नोद, खातेगाव आणि थेट नर्मदाकाठचं नेमावर.

मराठी माणसाला ही दोन्ही गावं पवारांची म्हणून ठाऊक. धारचे पवार, देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती. कुणाला देवास म्हटलं की ई. एम. फॉर्स्टरची तिथली नोकरी आठवते, बहुतेकांना कुमार गंधर्व. धारच्या राजवाड्याबद्दल आणि देवासच्या टेकडीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहून झालंय. तिथल्या जमिनीत काय पेरतात यावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. लिहायला हवं, कारण गेल्या वीस-बावीस वर्षांत एक मोठा प्रयोग या दोन जिल्ह्यांत शेजारी-शेजारी होऊन गेला. खालच्या निमाडात कपाशीच्या जवळपास प्रत्येक झाडात एका जिवाणूचं जनुक आहे. वरच्या पठारावरच्या सोयाबीनमध्ये असं एकही जनुक नाही, कायद्याने असू शकत नाही. किडीशी लढणाऱ्या जनुकाने काय मिळतं आणि त्याची काय किंमत पडते, हे पाहायला यापेक्षा सोयीची जागा देशात मिळणं कठीण.

आधी कापूस. २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुक अभियांत्रिकी समितीने बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. तिन्ही वाणं महिकोची, म्हणजे बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात काढलेल्या कंपनीची. जनुक अमेरिकेच्या मॉन्सॅन्टोचं. परवानगी मिळालेल्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्राबरोबर मध्य प्रदेशही होता. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत राहणारा जिवाणू. तो एक प्रथिन तयार करतो, आणि ते अळीच्या पोटात गेलं की तिच्या आतड्याच्या पेशी फुटतात, तिचं खाणं थांबतं, दोन-तीन दिवसांत ती मरते. हे प्रथिन बनवणारं जनुक कपाशीत घातलं की झाडाचं पान, फूल, बोंड सगळं अळीला विषारी होतं. माणसाच्या आतड्यात ते प्रथिन चिकटायला जागाच नसते, म्हणून आपल्याला ते अपाय करत नाही.

त्याआधीची दहा वर्षं ज्यांनी निमाडात किंवा वऱ्हाडात काढली त्यांना या बातमीचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही. हिरवी बोंडअळी तेव्हा कशालाच दाद देत नव्हती. मोनोक्रोटोफॉस मारा, एन्डोसल्फान मारा, सायपरमेथ्रिन मारा, दोन औषधं एकत्र कालवून मारा. अळी फवारलेल्या पानावर बसून पाते खात राही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी दिलेले आकडे बोलके आहेत. २००१ साली देशात बोंडअळ्यांवर सुमारे ९,४०० टन कीटकनाशक ओतलं गेलं. २०११ साली तो आकडा २२२ टनांवर आला. बीटीचा लाभ कुठला, असं कुणी विचारलं तर मी आधी हा आकडा सांगेन. पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगाने फवारणारा माणूस बहुतेक वेळा शेताचा मालक नसतो. धारमध्ये तो भिल्ल किंवा भिलाला असतो, डोंगरातून मजुरीला खाली उतरलेला. त्याच्या अंगावर पडणारं विष कमी झालं, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

उत्पन्नाच्या बाबतीत मात्र दोन पक्ष आहेत आणि दोघांच्याही हातात कागद आहेत. योनास काथागे आणि मातिन कैम यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या शेतकऱ्यांचा २००२ ते २००८ असा पाठपुरावा केला. बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्के आणि नफा ५० टक्के वाढला, असं त्यांनी २०१२ साली मांडलं. क्रांती आणि अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी २०२० साली वेगळा हिशेब मांडला. त्यांचं म्हणणं, देशाची सरासरी चढली ती वर्षं आणि बीटीचा पेरा पसरला ती वर्षं नीट जुळत नाहीत. खतांचा वापर वाढला, सिंचन वाढलं, नवी कीटकनाशकं आली, हे सगळं त्याच काळात घडलं. आणि फवारणीवरचा खर्च, जो सुरुवातीला खरोखर घटला होता, तो पुढे बीटीपूर्वीच्याही वर गेला. मला दोन्ही अभ्यास आपापल्या जागी पटतात. पहिला अभ्यास सुरुवातीच्या सहा-सात वर्षांचा, म्हणजे लग्नानंतरच्या नव्या नवलाईचा. दुसऱ्याने पुढचा संसारही पाहिला.

धारचं स्वतःचं एक प्रकरणही नोंदलेलं आहे. २००५ च्या वेचणीच्या दिवसांत मनावर-बडवानीकडच्या कापूस वेचणाऱ्या बायका आणि जिनिंगमधले मजूर अंगाला खाज सुटते, डोळे लाल होतात, चेहरा सुजतो अशी तक्रार करू लागले. आशीष गुप्ता, आशीष मंडलोई आणि अमूल्य निधी या तिघा कार्यकर्त्यांनी धार आणि बडवानी जिल्ह्यांतल्या सहा गावांत फिरून याचा अहवाल केला आणि दोष बीटीला दिला. तो अहवाल पुढे जगभर फिरला. जीएमच्या विरोधातल्या कितीतरी लेखांत आजही धारचं नाव त्यामुळेच येतं. पण त्यात वीस-पंचवीस लोकांशी झालेली बोलणी होती. शेजारी साधा कापूस वेचणाऱ्यांशी तुलना नव्हती, आणि वेचणीच्या कापसावर बसलेल्या फवाऱ्याचा हिशेब वेगळा काढलेला नव्हता. त्यावरून बीटीने खाज सुटते असं सिद्ध होत नाही. तरीही मला सरकारी यंत्रणेचा राग येतो तो याच ठिकाणी. चाळीस-पन्नास बायकांची नीट तपासणी करायला, दोन्ही प्रकारच्या कापसाशी, किती खर्च आला असता? ती वेळेवर झाली असती तर एका बाजूची भीती आणि दुसऱ्या बाजूची टिंगल, दोन्ही थांबल्या असत्या.

आता गुलाबी बोंडअळी. हिला समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. हिरवी अळी कपाशी सोडून तूर, हरभरा, टोमॅटो, मका, काहीही खाते. गुलाबी अळीचं पोट जवळपास कपाशीवरच. फुलोऱ्यात शेतात गेलं तर काही फुलं उमलायची राहिलेली दिसतात, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या एकमेकींना चिकटलेल्या. हीच डोमकळी. आतल्या अळीने रेशमाच्या धाग्याने पाकळ्या शिवलेल्या असतात आणि ती निवांत परागकण खात बसलेली असते. पुढची पिढी कोवळ्या बोंडात शिरते. शिरलेलं छिद्र बोंड वाढता वाढता बुजून जातं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, भरलेलं. ते अंगठ्याने दाबून फोडलं की आत एक कप्पा कुजकट पिवळा, सरकी पोखरलेली आणि तिच्यात ती गुलाबी पट्ट्यांची अळी. म्हणजे अळी दिसते तेव्हा औषध पोचत नाही, आणि औषध पोचलं असतं तेव्हा ती दिसत नाही. हंगाम सरला की ती दोन सरक्या ओढून एकमेकींना चिकटवते आणि त्या जोडीत पुढच्या मोसमापर्यंत झोपून राहते. सरकीबरोबर ती जिनिंगच्या आवारातही जाऊन पोचते.

अशा किडीविरुद्ध जनुक टिकवायचं तर एक पथ्य होतं: शेताच्या कडेला साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या. तिथे जनुकाला न सरावलेल्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटी शेतातल्या चिवट पतंगांशी जोडी जमवतात, आणि चिवटपणा पुढच्या पिढीत पातळ होतो. म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधं बियाणं मिळत असे. ते कुणी लावलं? निमाडात नाही, वऱ्हाडात नाही, खानदेशात नाही. किडीला चारा म्हणून स्वतःची पाचवा हिस्सा जमीन द्या, असं पाच एकरवाल्याला सांगणं हा विनोद होता, आणि त्याने तो विनोद म्हणूनच घेतला. बांधावर टाकलेली ती छोटी पाकिटं कितीतरी वर्षं पाहायला मिळत. पुढे सरकारने मिसळूनच द्यायची पद्धत आणली, ४७५ ग्रॅमच्या पाकिटात २५ ग्रॅम साधं. तोवर अळी सरावली होती. गुजरातेतल्या अमरेली आणि आसपासच्या जिल्ह्यांत पहिलं जनुक गुलाबी अळीला पुरेनासं झाल्याचं मॉन्सॅन्टोने स्वतः मार्च २०१० मध्ये मान्य केलं. दोन जनुकांचं बियाणं २००६ पासून बाजारात होतं. तेही पुढे निकामी झालं. २०१७ च्या खरिपात गुलाबी अळीने महाराष्ट्रात कपाशीचं काय केलं ते वाचकांना सांगायला नको. त्याच मोसमात यवतमाळला फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणी कमी करायला आणलेल्या तंत्राच्या पंधराव्या वर्षी हे घडलं.

हे अटळ होतं का? अमेरिकेने हीच गुलाबी अळी हेच जनुक वापरून संपवली. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या कृषी खात्याने कापूसपट्टा तिच्यापासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्यांनी साध्या कपाशीचे पट्टे राखले, नंतर प्रयोगशाळेत वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, आणि शेतकऱ्यांनी मिळून त्याचा खर्च उचलला. जनुक एकच, अळी एकच.

आपल्याकडे त्या जनुकावर एक जास्तीचं ओझं होतं, त्याबद्दल मात्र कमी बोललं जातं. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कापूस सरळ वाणाचा आहे. आपल्याकडे तो संकरितच विकला गेला, कारण संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं. संकरित बी महाग, म्हणून शेतकरी ते लांब लांब टोबतो. हेक्टरी झाडं दहा-पंधरा हजार. इतर देशांत लाखाच्या वर. झाडं कमी म्हणून एकेका झाडाकडून शंभर बोंडांची अपेक्षा, आणि ती पुरी व्हायला पीक सहा-सात महिने शेतात उभं. गुलाबी अळीला दोन-तीन पिढ्या जास्तीच्या मिळाल्या त्या यातून. शिवाय संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत जनुक सारखं उतरत नाही. एका जनुकाच्या बियाण्यात चारांतली एक सरकी बिनविषाची निघते. अळीला एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी असं थोडं थोडं मिळत राहिलं, आणि सराव करायला याहून चांगली शाळा नाही. सरकारी संस्थांनी सरळ वाणाचा बीटी आणायचा प्रयत्न केला होता. 'बिकानेरी नरमा बीटी'ला २००८ मध्ये मंजुरी मिळाली, पण त्यात मॉन्सॅन्टोचंच जनुक असल्याचं आढळलं, विक्री थांबवावी लागली, चौकशीला सोपोरी समिती बसली. सार्वजनिक संशोधनाची एवढी नाचक्की होऊनही कुणाला फार लाज वाटल्याचं दिसलं नाही.

भावाचं सांगायचं तर पाकीट सुरुवातीला १,६०० रुपयांच्या वर होतं आणि त्यात निम्म्याहून जास्त वाटा जनुकाच्या हक्काचा. २००६ मध्ये आंध्र सरकार भांडलं, किंमत ७५० वर आली. पुढे केंद्राने देशभर दर बांधले. आज दुकानात मनावरचा शेतकरी 'बीटी द्या' म्हणत नाही, कंपनीचं आणि वाणाचं नाव घेतो. बीटी नसलेलं काही मिळतं हे पंचविशीतल्या शेतकऱ्याला माहीतच नसतं.

याचा फटका बसला तो सेंद्रिय कापसाला, आणि तोही याच भागात. देशात सेंद्रिय कापूस सर्वांत जास्त मध्य प्रदेशात होतो. शेजारच्या खरगोन जिल्ह्यात कसरावदला स्विस मदतीने चालणारा बायोरे प्रकल्प १९९० च्या दशकापासून आहे. धारच्याच पिथमपूरमध्ये सेंद्रिय कापसाचे कपडे शिवून परदेशी जातात. सेंद्रियच्या नियमात जनुक-बदल चालत नाही, आणि साधं शुद्ध बियाणं तर दुकानातून नाहीसं झालेलं. वारा, मधमाश्या आणि जिनिंगमधली सरमिसळ मिळून उरलेलं काम करतात. शिवाय खोट्या प्रमाणपत्रांचा धंदा. २०२० मध्ये जागतिक सेंद्रिय वस्त्र मानकाच्या संस्थेनेच भारतात सुमारे २०,००० टन कापसाची बनावट कागदपत्रं पकडली. त्यात भरडला गेला तो खरोखर नेमाने शेती करणारा.

कसरावदलाच एक दीर्घ प्रयोग चालू आहे, आणि मला तो या सगळ्या वादात सर्वांत उपयोगी वाटतो. २००७ पासून एकाच काळ्या जमिनीत चार पद्धती शेजारी-शेजारी: सेंद्रिय, जैवगतिक, रासायनिक, आणि रासायनिक अधिक बीटी. पिकं कापूस, सोयाबीन आणि गहू, म्हणजे अगदी इथल्या शेतकऱ्याचा फेरा. पहिल्या दोन वर्षांत सेंद्रिय कापूस २९ टक्क्यांनी मागे पडला. पुढच्या दोन वर्षांत रासायनिकचंच उत्पादन खाली आलं आणि अंतर मिटलं. खर्च कमी असल्याने त्या दोन वर्षांत सगळी पिकं मिळून सेंद्रियचा लाभ २५ टक्के जास्त निघाला. सोयाबीनमध्ये तर चारही वर्षं सेंद्रियचा लाभ ११ टक्क्यांनी वरचढ. म्हणजे पहिली दोन वर्षं कुणी सांभाळून घेतली तर गणित जमतं. बँक आणि सावकार नेमके पहिल्याच वर्षाचं गणित पाहतात.

आता घाट चढून वर, देवासला.

सोयाबीन हे माळव्याचं पिवळं सोनं. १९७०च्या आसपासपर्यंत खरिपात मोकळी पडणारी काळी रानं या पिकाने भरली. इंदूरला १९८७ पासून राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था आहे, तेलाच्या गिरण्या आहेत, व्यापाऱ्यांची संघटना आहे. जबलपूरच्या विद्यापीठाची 'जेएस ३३५', 'जेएस ९५-६०' ही वाणं आपल्या लातूर-वाशीमकडच्या शेतकऱ्यांनाही तोंडपाठ आहेत. ब्राझीलमध्ये २०१३ पासून किडीला मारणारं बीटी सोयाबीन लावतात. मग देवासला ते का नको, असा प्रश्न व्यासपीठांवर अधूनमधून येतो. शरद जोशींच्या विचाराची शेतकरी संघटना तर तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य हा हक्कच मानते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहाँगीरला कार्यकर्त्यांनी उघडपणे बंदी असलेलं कपाशीचं बी टोबलं होतं. त्या मागणीतली चीड मला समजते. फक्त देवासच्या सोयाबीनपुरतं बोलायचं तर आधी झाड चिरून पाहावं.

ऑगस्टमध्ये टोंकखुर्दकडच्या शेतात एखाद्या झाडाचा शेंडा मलूल दिसतो. खाली खोडावर बोट फिरवलं की एकावर एक दोन बारीक खाचा लागतात, दोऱ्याने करकचून बांधल्यासारख्या. चक्रीभुंग्याच्या मादीने दोन चक्रं कातरून मधोमध अंडं घातलेलं असतं. अळी खोडाच्या आतून खाली उतरते. शेवटी झाड जमिनीपासून वीतभर अंतरावर आतून कापून टाकते. दुसरं झाड वरून हिरवंगार, पण नखाने खोड उभं चिरलं तर आत तांबूस नागमोडी वाट, ही खोडमाशी. तिसरं झाड पिवळं चट्ट्यापट्ट्याचं, तो पांढऱ्या माशीने आणलेला मोझॅक. २०२० च्या ऑगस्टमध्ये देवास, धार, इंदूरकडचं सोयाबीन शेंगा भरायच्या आधी वाळलं ते प्रामुख्याने अशा दुखण्यांनी. आणि ब्राझीलच्या सोयाबीनमधलं प्रथिन मारतं ते पतंगवर्गातल्या अळ्यांना. उंटअळीवर ते चालेल. भुंगा, माशी आणि विषाणू यांना त्याचं काहीच वाटणार नाही. रोग एक आणि औषध दुसरं, आणि औषधासाठी पाकिटामागे हक्काची रक्कम.

दुसरी बाजू व्यापाराची. भारताची सोयापेंड अमेरिका-अर्जेंटिनाच्या पेंडीहून महाग पडते, तरी युरोपातले काही ग्राहक ती घेतात, कारण ती जनुक-बदल नसलेली आहे. माळव्याला फुकटात मिळालेलं हे बिरुद. त्याचे पैसे देवासच्या मंडीत दिसतात का? फारसे नाहीत. मंडीत भाव ठरतो तेलाच्या आयात शुल्कावर आणि कुक्कुटपालनाच्या मागणीवर. ऑगस्ट २०२१ मध्ये भाव चढले तेव्हा केंद्राने १२ लाख टन जनुक-बदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली आणि कापणीच्या तोंडावर भाव कोसळले. २०२४ च्या सप्टेंबरात सोयाबीन ४,८९२ च्या हमीभावाखाली विकलं जात होतं आणि माळव्याचे शेतकरी ६,००० मागत ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर होते. गंमत म्हणजे त्याच शेतकऱ्याच्या घरी भाजीच्या फोडणीत अर्जेंटिनाहून आलेलं जनुक-बदल सोयाबीनचं तेल, आणि गोठ्यातली म्हैस बीटी कपाशीची सरकी पेंड खाते. २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली तेव्हा आपण जणू स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. खिडकी उघडीच होती.

देवास जिल्ह्यातच बागलीला 'समाज प्रगती सहयोग' ही संस्था १९९० पासून पाण्याचं आणि शेतीचं काम करते. बायकांच्या बचतगटांतून उभी राहिलेली राम रहीम प्रगती ही उत्पादक कंपनी तिथलीच. रासायनिक कीटकनाशकाशिवाय पीक काढायची त्यांची पद्धत कुणा जनुकावर अवलंबून नाही: कामगंध सापळे, निंबोळी, पक्षिथांबे, आणि मुख्य म्हणजे दर आठवड्याला शेतात जाऊन कीड मोजणारी माणसं. याने एकरी विक्रम होत नाहीत. पण गुलाबी अळीसाठी नागपूरचे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं तेच सांगताहेत: सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले तरच फवारा. जनुक असो वा नसो, मोजणारा माणूस लागतोच. बियाण्याच्या पाकिटात तो येत नाही, म्हणून त्याचा खर्च कुणी धरत नाही.

पुन्हा कापसाकडे. धार जिल्ह्यात बदनावरजवळ भैंसोला गावी केंद्राच्या मित्र योजनेतल्या वस्त्रोद्योग उद्यानाचा शिलान्यास १७ सप्टेंबर २०२५ रोजी झाला. कापूस शेतातून कापड होऊन परदेशी जाईल, असं तिथे सांगितलं गेलं. त्याच्या महिनाभर आधी केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं होतं. मनावरच्या जिनिंगमध्ये या दोन बातम्या एकत्रच वाचल्या गेल्या असतील.

गुलाबी अळीवरचा खरा उतारा मात्र निमाडात भलतीकडूनच आलाय. जिथे ओंकारेश्वर आणि मान प्रकल्पाचे कालवे पोचले, तिथे शेतकरी मे महिन्यात ठिबकवर कपाशी लावतो, दिवाळीच्या पुढेमागे दोन-तीन वेचण्या उरकतो आणि पऱ्हाट्या उपटून गहू पेरतो. मध्य प्रदेश सरकारने २०२५ मध्ये गव्हाच्या २,४२५ च्या हमीभावावर १७५ रुपये बोनस दिला, त्यामुळे कपाशी लांबवण्यात त्याला रस नाही. डिसेंबरात शेतात बोंडच नसेल तर अळीची साखळी तुटते. मेची लागवड पहिल्या पतंगांना लवकर फुलं पुरवते हा दोष त्यात आहे, पण एकूण पाहता साध्या बियाण्याच्या पाकिटाला वीस वर्षांत जे जमलं नाही ते गव्हाच्या बोनसने थोडंफार केलं. गंधवानीच्या टेकड्यांवर कालवा नाही. तिथल्या भिलाल्याच्या विहिरीत दोन पाण्यांपुरतंच पाणी उरतं, तेवढ्यात गहू येत नाही आणि फरदडीच्या, म्हणजे लांबवलेल्या कपाशीच्या, एक-दोन वेचण्या मात्र येतात. म्हणून तो फेब्रुवारीपर्यंत कपाशी उभी ठेवतो.